सामाईक भिंत, शेजाऱ्याचे नूतनीकरण आणि नुकसानीचा वाद

दोन वेगवेगळ्या मालकांच्या घरांमध्ये उभी असलेली आणि दोन्ही घरांच्या उपयोगाची अशी जी भिंत, तिला सामाईक भिंत म्हणतात. पुण्याच्या पेठांतील वाडे, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुनी मराठी घरे, अहमदाबादच्या पोळी किंवा जुन्या दिल्लीतील गल्ल्या अशा दाट वस्तीत एकाच भिंतीवर दोन्हीकडच्या तुळया टेकलेल्या आढळतात. नव्या नगरांतील रो-हाउस आणि सदनिकांची स्थितीही फार वेगळी नाही. त्यामुळे एका घरात ब्रेकर मशीन सुरू झाले की दुसऱ्या घरातील गिलावा तडकतो, फरशी पोकळ वाजू लागते, काही महिन्यांनी ओल उमटते, आणि वर्षानुवर्षांचा शेजार तक्रारअर्जांत अडकतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वादांसाठी १९९६ चा स्वतंत्र सामाईक भिंत कायदा असून तो १ जुलै १९९७ पासून लागू आहे. सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी शेजाऱ्यास दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. शेजाऱ्याच्या बांधकामापासून तीन मीटरच्या आत त्याच्या पायाहून खोल खोदायचे असल्यास एक महिना आधी. चौदा दिवसांत संमती न मिळाल्यास वाद उत्पन्न झाला असे मानले जाते आणि सर्वेक्षक नेमून तो सोडवला जातो. भारतात असा खास केंद्रीय कायदा नाही. येथे हक्क सुविधाधिकाराच्या कायद्यातून, दिवाणी अपकृत्याच्या तत्त्वांतून, महापालिका कायद्यांतून आणि सोसायटीच्या उपविधींतून गोळा करावे लागतात. परिणामी, काम सुरू होण्यापूर्वी भिंत कशी होती याचा पुरावा ज्याच्याकडे असतो त्याची बाजू भक्कम ठरते. तो बहुधा कोणाकडेच नसतो, हे या वादांचे खरे दुखणे आहे.

भिंत कोणाची?

'सामाईक' हा शब्द व्यवहारात सैलपणे वापरला जातो. वॉटसन विरुद्ध ग्रे या १८८० च्या इंग्लिश खटल्यात न्यायमूर्ती फ्राय यांनी त्याचे चार अर्थ सांगितले. भिंत दोघांच्या अविभक्त मालकीची असू शकते. ती मधोमध उभी विभागून अर्धी याची, अर्धी त्याची असू शकते. ती संपूर्ण एकाची असून दुसऱ्याला ती विभाजक भिंत म्हणून कायम राहावी एवढाच हक्क असू शकतो. किंवा ती दोन भागांत विभागलेली असून प्रत्येक भागावर दुसऱ्याला आधार देण्याचा भार असू शकतो. पहिल्या प्रकारात एका मालकाला दुसऱ्याच्या संमतीविना भिंत पाडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात आपला अर्धा भाग काढून घेण्याचा हक्क कागदावर संभवतो. मात्र विटांच्या जोडकामात तशी रेषा नसते.

मालकी ठरवण्यासाठी प्रथम खरेदीखतातील चतुःसीमा, सिटी सर्व्हेचा नकाशा, मालमत्ता पत्रक आणि मंजूर बांधकाम नकाशा पाहिला जातो. कागद मुके असतील तर भिंतच बोलते. तुळया दोन्ही बाजूंनी टेकल्या आहेत की एकाच, कोनाडे कोणत्या अंगाला आहेत, वरच्या कठड्याचा उतार कोणाकडे आहे, यांवरून अनुमान काढता येते. सदनिकांच्या इमारतीत दोन घरांमधील भिंत पुष्कळदा केवळ भराव असते. इमारतीचा भार कॉलम आणि बीम वाहतात. अशी भिंत काढणे आणि तिच्यात दडलेला कॉलम तासणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या कृत्याने बाधित होणारे घर केवळ शेजारचे नसून वरखालचे सारे मजले असतात.

आधाराचा हक्क

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, ज्याला वकील मंडळी 'ईझमेंटचा कायदा' म्हणतात, तो या विषयाचा मुख्य आधार आहे. प्रारंभी तो मद्रास, मध्य प्रांत आणि कूर्ग येथे लागू झाला आणि १८९१ मध्ये मुंबई व संयुक्त प्रांतांपर्यंत त्याचा विस्तार झाला. त्याच्या कलम ७ नुसार प्रत्येक जमीनमालकाला आपली जमीन नैसर्गिक स्थितीत असताना शेजारच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. मात्र हा हक्क जमिनीचा आहे, तिच्यावर चढवलेल्या तीन मजल्यांचा नव्हे. इमारतीसाठी आधाराचा हक्क स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. कलम १५ प्रमाणे असा आधार वीस वर्षे शांततेने, अखंडपणे आणि हक्क म्हणून मिळत आला असेल तर तो निरपवाद होतो. शेजारची मालमत्ता सरकारी असल्यास हा काळ तीस वर्षांचा आहे. जुन्या वाड्याचा रहिवासी या दृष्टीने नव्या रो-हाउसच्या मालकापेक्षा भक्कम भूमीवर उभा असतो. तथापि निष्काळजीपणाने केलेल्या नुकसानीची भरपाई मागण्यास वीस वर्षे थांबावे लागत नाही. तो हक्क वेगळा आहे.

याच कायद्याचे कलम ३४ सामान्य वाचकाच्या नजरेतून निसटते. आधार काढून घेतला एवढ्यानेच भरपाईचा हक्क निर्माण होत नाही. प्रत्यक्षात भरीव नुकसान व्हावे लागते. परिसीमा अधिनियम, १९६३ चे कलम २३ त्याला जोडूनच वाचावे. विशिष्ट हानी झाल्याशिवाय ज्या कृत्याबद्दल दावा लावता येत नाही, तेथे मुदत हानी झाल्या दिवसापासून मोजली जाते. कायद्याने दिलेले उदाहरण बोलके आहे: जमिनीचा पृष्ठभाग एकाचा, खालचा थर दुसऱ्याचा, दुसरा कोळसा काढतो, तेव्हा वर काही होत नाही, पुढे कधीतरी जमीन खचते. मुदत खचण्याच्या दिवसापासून सुरू होते. तळघराच्या खोदाईनंतर वर्षभराने भिंत सरकली तर हेच तत्त्व उपयोगी पडते. सर्वसाधारणपणे अशा भरपाईच्या दाव्यांना तीन वर्षांची मुदत लागू होते.

शेजाऱ्याचे ठरलेले उत्तर असते, 'काम ठेकेदाराने केले, त्याला विचारा.' हे उत्तर पुरेसे नाही. ह्यूज विरुद्ध पर्सिव्हल या १८८३ च्या खटल्यात इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे नेमका हाच प्रश्न होता. ठेकेदाराच्या कामगारांनी दुसऱ्या बाजूची भिंत बेपर्वाईने कापल्यामुळे मालकाचे घर कोसळले आणि तुळयांबरोबर वादीच्या घराचीही हानी झाली. शेजाऱ्याच्या घराला धोका होऊ शकेल असे काम करवून घेणाऱ्या मालकाला काळजी घेण्याचे कर्तव्य ठेकेदारावर ढकलता येत नाही, असा निर्णय झाला. भरपाई दिल्यानंतर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करणे हा त्या मालकाचा आणि ठेकेदाराचा आपसातील प्रश्न उरतो.

भेग काय सांगते

भेग दिसली म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि बहुतेक वाद येथेच चिघळतात. गिलाव्यातील केसासारख्या बारीक भेगा आकसण्यानेही येतात. स्लॅबच्या लगत खाली आडवी धावणारी भेग पुष्कळदा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्याची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी उतरणारी भेग मात्र पाया खचल्याचा इशारा असू शकतो. शेजारी लिफ्टचा खड्डा, भूमिगत टाकी किंवा तळघर खोदले गेले असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. भेगेच्या आत धूळ, जुना रंग किंवा कोळ्याचे जाळे असेल तर ती जुनी. कडा स्वच्छ आणि धारदार असतील तर अलीकडची, असा अभियंत्यांचा साधा निकष आहे.

रुंदीलाही अर्थ आहे. ब्रिटनमधील इमारत संशोधन संस्थेच्या प्रचलित वर्गीकरणात एक मिलिमीटरपर्यंतची भेग किरकोळ मानली जाते. पाच मिलिमीटरच्या पुढे दारे-खिडक्या अडकू लागतात आणि पंचवीस मिलिमीटरपलीकडे इमारतीच्या स्थैर्याचा प्रश्न उभा राहतो. त्याहून महत्त्वाचे, भेग वाढते आहे की थांबली आहे. त्यासाठी भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तिच्यावर तारीख लिहिण्याची पद्धत आहे. हालचाल चालू असेल तर काच तडकते. काही रुपयांचा हा उपाय पुढे महागड्या साक्षीइतका उपयोगी ठरतो.

भिंतीत पाइप किंवा वायर दडवण्यासाठी पाडलेल्या चराही मोठ्या उपद्रवी असतात. भारतीय मानक ब्यूरोच्या वीटबांधकामाच्या संहितेनुसार, आयएस १९०५ नुसार, उभ्या चरेची खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडव्या चरेची एक षष्ठांशाहून अधिक नसावी. २३० मिलिमीटरच्या, म्हणजे नऊ इंची भिंतीत ही मर्यादा अनुक्रमे सुमारे ७६ आणि ३८ मिलिमीटर येते. वातानुकूलन यंत्राच्या तांब्याच्या नळ्यांसाठी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी चर मारताना हा आकडा कोणी मोजताना दिसत नाही. पलीकडच्या घरानेही त्याच जागी स्विचबोर्डाची पेटी खोल बसवली असेल तर भिंतीत उरते ती पातळ पापडी.

ओलीचा वाद आणखी फसवा. फरशा बदलताना न्हाणीघराचा जुना वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो आणि पाणी दोन-तीन महिन्यांनी पलीकडे उतरते. तोवर गवंडी निघून गेलेला असतो. न्हाणीघराची जाळी बंद करून फरशीवर रंगीत पाणी एक-दोन दिवस साठवून ठेवले की गळती कोणाची हे पुष्कळदा कळते. ही चाचणी दोन्ही पक्षांसमक्ष झाली तर पुढचा निम्मा वाद वाचतो.

वाड्यांची गोष्ट निराळी आहे. शेजारचा वाडा पुनर्विकासासाठी पाडला की इतकी वर्षे आत दडलेली, कधीही गिलावा न झालेली भिंत उघडी पडते. माती किंवा चुन्यात रचलेल्या विटांवर थेट पाऊस पडू लागतो. तुळया काढल्याने पडलेली भगदाडे तशीच राहतात आणि पलीकडून मिळणारा आडवा आधारही जातो. पाडकामापूर्वी टेकू लावणे, भगदाडे बुजवणे आणि पहिल्या पावसाआधी उघड्या बाजूस गिलावा करणे ही कामे ठेकेदाराच्या लेखी कामसूचीत असायला हवीत. पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ४१३० आणि खोदाईसाठी आयएस ३७६४ ही मानके आहेत. सूचनापत्रात त्यांचा उल्लेख केल्यास तक्रार केवळ कुरकुर राहत नाही.

धोका असेल तेव्हा

भिंत फुगली असेल, भेग दिवसागणिक रुंदावत असेल किंवा तुळई जागेवरून हलली असेल तर हक्कांची चर्चा नंतर. माणसे हलवणे, टेकू देणे आणि प्रभाग कार्यालयाला लेखी कळवणे हीच प्राथमिकता. धोकादायक बांधकामाबाबत कारवाईचे अधिकार मुंबईत महापालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५४ खाली, राज्यातील अन्य महापालिकांत १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६४ खाली आणि दिल्लीत १९५७ च्या अधिनियमाच्या कलम ३४८ खाली आहेत. विनापरवाना काम थांबवण्याची नोटीस मुंबईत कलम ३५४ अ आणि दिल्लीत कलम ३४४ नुसार दिली जाते. रंग, गिलावा, फरशी यांसाठी साधारणतः परवानगी लागत नाही. भार वाहणारी भिंत काढणे किंवा मजला चढवणे यांसाठी लागते. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकाराखाली मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. महापालिका काम थांबवू शकते, भरपाई ठरवून देत नाही, हे मात्र आधीच ध्यानात घ्यावे.

पोलिसांची भूमिकाही मर्यादित आहे. इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना मानवी जीविताला धोका होऊ नये यासाठी आवश्यक काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९० खाली गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पडण्याच्या बेतात असलेल्या बांधकामाबाबत कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली सशर्त आदेश काढू शकतात. गिलावा तडकल्याची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेल्यास बहुधा 'हे दिवाणी प्रकरण आहे' असेच उत्तर मिळते, आणि ते चुकीचे नसते.

बोलणी आणि मध्यस्थी

पहिली भेट शक्यतो शेजाऱ्याच्या ठेकेदाराच्या उपस्थितीत आणि नुकसानीच्या जागीच व्हावी. त्यानंतर त्याच दिवशी तारखेसह छायाचित्रे आणि काय ठरले याचा लेखी सारांश पाठवावा. ठेकेदार तत्परतेने 'गिलावा मारून देतो' म्हणतो. भिंतीची हालचाल थांबली आहे याची खात्री होण्यापूर्वी हा देकार स्वीकारणे घातक; भेग झाकली जाते आणि पुरावाही तिच्याबरोबर. दोन्ही बाजूंनी मिळून एकच संरचना अभियंता नेमावा आणि त्याचे शुल्क निम्मे-निम्मे वाटावे हा मार्ग सर्वांत स्वस्त पडतो. दोन अभियंत्यांचे दोन परस्परविरोधी अहवाल न्यायालयात एकमेकांना रद्दबातल करतात. नव्या इमारतीत दोष मुळातच विकासकाचा निघाला, तर स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ खाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत त्याच्याकडे दुरुस्ती मागता येते. अशा वेळी शेजाऱ्याशी भांडण व्यर्थ.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांत सदनिकेतील फेरबदलांसाठी व्यवस्थापक समितीची पूर्वपरवानगी आदर्श उपविधींनुसार आवश्यक आहे. पंधरा ते तीस वर्षे जुन्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुनीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी अपेक्षित आहे. हा अहवाल म्हणजे भिंतीच्या पूर्वस्थितीचा आयता पुरावा. तो संस्थेच्या कपाटात पडून असतो आणि वादाच्या वेळी कोणाला आठवत नाही. संस्थेच्या कारभाराशी निगडित वाद १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीही अर्ज करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अन्य पात्र घटकांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० हा आहे. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात वस्तीतील शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाद्वारे सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. तिच्यातून झालेला समझोता मात्र हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. शेजार टिकवायचा असेल तर तो उपयुक्त, पैसे वसूल करायचे असतील तर अपुरा.

दिवाणी न्यायालय

सारे मार्ग खुंटले की स्पीड पोस्टाने वकिलाची नोटीस आणि त्यानंतर दावा. काम चालू असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरती मनाई मागितली जाते. आदेश २६ नियम ९ खाली स्थानिक पाहणीसाठी आयुक्त नेमण्याचा अर्ज त्याच्याबरोबरच द्यावा. भिंतीची त्या दिवशीची स्थिती त्रयस्थाच्या नजरेने नोंदली जाणे या दाव्यांत निर्णायक ठरते. दुसरीकडे, नूतनीकरण करणाऱ्या मालकाला एकतर्फी मनाईची धास्ती वाटत असेल तर तो कलम १४८ अ खाली कॅव्हेट दाखल करू शकतो. ते नव्वद दिवस टिकते.

विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ मध्ये कलम ३८ कायम मनाईसाठी आणि कलम ३९ पूर्वस्थिती आणण्याच्या आदेशासाठी आहे. कलम ४० कडे दुर्लक्ष झाल्यास वादी फसतो: मनाईबरोबर भरपाई दावापत्रातच मागावी लागते, आणि केवळ मनाईचा दावा फेटाळला गेला तर त्याच कृत्याबद्दल भरपाईचा दावा नंतर लावता येत नाही. राहून गेल्यास दुरुस्ती अर्जाने ती मागणी जोडता येते. भ्रमणध्वनीतील छायाचित्रे आणि चित्रफिती पुरावा म्हणून सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. मूळ फाइल जपून ठेवावी. संदेशांतून फिरत आलेली प्रत मूळ फाइलची जागा घेत नाही.

विम्यावर फार विसंबून चालत नाही. गृहविम्याच्या सर्वसाधारण अटींत तोडफोड, खोदाई किंवा बांधकामातील फेरबदलांमुळे जमीन खचून झालेली हानी वगळलेली असते. ठेकेदाराने त्रयस्थांच्या नुकसानीचे संरक्षण असलेली पॉलिसी घेतली आहे का, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारणे अधिक फलदायी.

आधीचा करार, नंतरची पावती

इंग्लंडचा कायदा जे सक्तीने करवतो ते भारतात दोन शेजारी स्वेच्छेने करू शकतात. कामापूर्वी दोन्ही घरांची खोलीनिहाय छायाचित्रे, आधीपासूनच्या भेगांची यादी आणि त्यावर दोघांच्या सह्या, कामाच्या वेळा, चरांची खोली, नुकसान झाल्यास कोणत्या अभियंत्याचा निर्णय मान्य राहील, आणि काम संपल्यानंतर एका पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायची अनामत रक्कम, एवढे त्यात पुरते. योग्य मूल्याच्या मुद्रांकावर तो करार करून दोन साक्षीदार घ्यावेत. नूतनीकरण करणाऱ्यालाही याचा लाभ आहे, कारण शेजाऱ्याच्या जुन्या भेगांचा खर्च त्याच्या माथी येत नाही.

वाद मिटून रक्कम दिली जाते तेव्हा पावतीचा मजकूर नीट वाचावा. 'यापुढे कोणतीही तक्रार नाही' अशी मोघम सही दिल्यास वर्षभराने उमटलेल्या ओलीसाठी दार बंद होते. पावतीत कोणत्या खोलीतील, कोणत्या भेगांची आणि कोणत्या तारखेपर्यंतची भरपाई मिळाली हे नमूद करावे. काचेच्या पट्ट्या एक पावसाळाभर अभंग राहिल्यानंतरच अखेरचा गिलावा आणि रंग करून घ्यावा आणि अनामत त्यानंतर सोडावी.